गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी बरडचा मुक्काम आटोपल्यावर धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत पाऊल टाकते आणि त्याच सायंकाळी नातेपुत्यास विसावते. वारकऱ्यांच्या मनात या गावाची ओळख एवढीच असली, तरी वर्षाच्या उरलेल्या दिवसांत फलटण आणि माळशिरस यांच्यामधला हा रस्ता उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, एस.टी.च्या गाड्या आणि पुण्याहून पंढरीच्या दर्शनास निघालेल्या मोटारी यांनी अहोरात्र वाहत असतो. आणि वाहन जेथे थकते तेथे त्याची शुश्रूषा करणाराही उभा राहतो, या न्यायाने पंचरवाला, रेडिएटरवाला, लेथवाला आणि ट्रॅक्टरचा क्लच बसवणारा मिस्त्री यांची दुकाने या गावात पिढ्यांपिढ्या चालत आली आहेत. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. पण वाहन बिघडले म्हणजे मालकाच्या चेहऱ्यावर उमटणारी चिंता मात्र पूर्वीचीच राहिली.

या दुकानांतील कारागिरांविषयी मला मनापासून आदर आहे. गळिताचा हंगाम ऐन भरात असताना, कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना, रात्री अकरा वाजता आलेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स पोत्यावर उघडून पहाटेपर्यंत तो पुन्हा शेतात धाडणारी ही माणसे आहेत. नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात, नातेपुत्याहून फार लांब नाही अशा अंतरावर वालचंदनगर आहे. तेथे साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीबरोबर नौदलाच्या जहाजांसाठीचे प्रचंड गिअरबॉक्स घडवले जातात, आणि ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ते गाव वसले, त्या सोलापूरच्या सुपुत्रानेच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करून या देशात मोटारगाडी बनवण्याचा पाया घातला. म्हणजे दातेरी चक्राशी या मुलखाचे नाते परके नाही. परके आहे ते एवढेच की, ज्या पेटीत चालकाने दांडा न हलवता चक्रे आपोआप बदलतात, ती पेटी उघडण्याचा प्रसंग या परिसरात अगदी अलीकडे येऊ लागला.

तो प्रसंग माझ्या घरी गेल्या वर्षी मार्गशीर्षात आला. माझे थोरले बंधू प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना गुरुजी म्हणते, मी दादा म्हणतो. त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर क्लच दाबणे त्यांना अशक्य झाले, आणि बस किंवा दुसऱ्याची गाडी यांवर अवलंबून राहण्याचा त्यांचा स्वभाव नसल्यामुळे २०२१ मध्ये त्यांनी पुण्याहून एक जुनी, २०१२ सालच्या बनावटीची, सहा गिअरांची ऑटोमॅटिक मोटार विकत घेतली. ती तीन वर्षे विनातक्रार चालली. मग एके दिवशी सकाळी गाडी सुरू करून दांडा ‘डी’वर नेला असता, पूर्वी लगेच पुढे सरकणारी गाडी दोन-तीन सेकंद स्तब्ध राहून मग एकदम झटका देऊन निघाली, दादांनी ती गोष्ट थंडीवर ढकलली. आठवडाभराने शिखर शिंगणापूरच्या घाटात, शंभू महादेवाचे शिखर दिसू लागलेले असताना, इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गाडीचा वेग मात्र उतरत गेला. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असे आपल्याकडे या अवस्थेचे नेमके वर्णन आहे. पाठोपाठ डॅशबोर्डवर दिवा लागला, आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून कशीबशी खाली आली. यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेला तो संन्यास होता, हे आम्हांस पुढे कळले; त्या क्षणी मात्र गाडी मेली असेच वाटले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने ट्रॅक्टर आणि दोर आणला. गाडी ओढत नेणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आहे, आणि नेहमीच्या गिअरच्या गाडीस त्याने अपाय होत नाही. परंतु ऑटोमॅटिक पेटीत ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतली चक्रे ऑइलावाचून कोरडी घासतात, आणि ज्या बिघाडाची दुरुस्ती हजारांत झाली असती तो पाच-दहा किलोमीटरांत लाखाच्या घरात जातो. ही गोष्ट दादांनी गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वाचली होती. त्यांनी दोर सोडवला, पुढची चाके उचलणारी क्रेन बोलावली आणि तिचे भाडे मुकाट्याने दिले. या सबंध प्रकरणात सर्वांत अधिक पैसा कोणत्या निर्णयाने वाचला, असे मला कोणी विचारले, तर मी त्या सोडलेल्या दोराकडे बोट दाखवीन.

आता प्रश्न उभा राहिला तो असा. पुण्याच्या अधिकृत कार्यशाळेतून फोनवर मिळालेला अंदाज नव्या गिअरबॉक्सचा होता: २,६५,००० रुपये, मजुरी निराळी. गाडी चालू स्थितीत विकली असती तर पावणेतीन लाख मिळाले असते. खाजगी कारागिराकडे पेटी उघडून आतल्या प्लेटा, सील आणि रिंगा बदलण्याचा, म्हणजे पूर्ण नूतनीकरणाचा खर्च ९५,००० सांगितला गेला. आणि एका दलालाने अपघातग्रस्त गाडीतून काढलेला जुना गिअरबॉक्स ४८,००० रुपयांत, बसवून साठ हजारांत, देऊ केला. तीन आकडे समोर आले की सामान्य माणसाचे मन सर्वांत लहान आकड्याकडे धावते, आणि माझेही धावले. दादा मात्र म्हणाले, “अरे, रोग काय आहे ते कुणी सांगितलं का? तिघांनी औषधाची किंमत सांगितली, नाडी कुणीच बघितली नाही.”

येथे या पेटीच्या अंतरंगाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण ते ठाऊक नसल्यामुळेच मालक फसतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेण्याची कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये, जहाजांच्या टर्बाइनकरिता, पेटंटरूपाने मांडली. एका पात्रात समोरासमोर दोन पंखे असावेत, एक इंजिनाने फिरावा, त्याने भिरकावलेले ऑइल दुसऱ्यास फिरवावे, आणि त्या दोहोंमध्ये बसवलेल्या तिसऱ्या, स्थिर पंख्याने परतणाऱ्या प्रवाहाला योग्य दिशा देऊन ओढीचा जोर वाढवावा, हे टॉर्क कन्व्हर्टरचे सार होय. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक नावाची पेटी जाहीर करून १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल मोटारींत ती बसवली आणि स्वयंचलित पेटी प्रथमच मोठ्या प्रमाणावर सामान्य ग्राहकाच्या हाती आली. तीच पेटी पुढे महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही गेली. आजच्या पेटीत संगणक आला, गिअर वाढले, तरी मूळ व्यवस्था बव्हंशी तीच राहिली: कन्व्हर्टर, त्यामागे ग्रहमालेप्रमाणे एकमेकांभोवती फिरणारी दातेरी चक्रे, त्यांपैकी कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवणाऱ्या क्लच प्लेटांच्या चळती, आणि कोणत्या चळतीस किती दाबाने ऑइल धाडायचे याचा कारभार पाहणारी वॉल्व्ह बॉडी. ही वॉल्व्ह बॉडी म्हणजे या पेटीची कचेरी होय. तिच्यातले सोलेनॉइड हे हुकूम बजावणारे शिपाई. एखाद्या शिपायाने हुकूम वेळेवर पोचवला नाही, तर दोष कचेरीचा असूनही बाहेरून पाहणारास सारा गावच बिघडल्यासारखा दिसतो.

आणि या सर्वांचा प्राण ऑइल. तेच शक्ती वाहते, तेच दाब देते, तेच वंगण घालते, तेच उष्णता बाहेर नेते. ऑइलाचे तापमान दहा-अकरा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य अदमासे निम्म्यावर येते, असा कारागिरांत ठोकताळा आहे; सोलापूर जिल्ह्याच्या वैशाखात, चढावर, भरल्या गाडीत, रहदारीत थांबत-थांबत चालताना त्या ऑइलाची काय गत होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. ‘आयुष्यभर बदलण्याची गरज नाही’ असे काही पुस्तिकांत छापलेले असते. ते कोणाच्या आयुष्याविषयी आहे, हे मात्र त्यात स्पष्ट केलेले नसते. आणि जुनी गाडी घेणाऱ्याने ते वाक्य आपल्यासाठी लिहिलेले नाही असेच धरून चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावातला आमचा मिस्त्री मूळचा ट्रॅक्टरचा. त्याने प्रारंभीच हात जोडून सांगितले, “गुरुजी, ह्यो गिअरबॉक्स म्या खोलणार न्हाय. खोलून बसवंन, पण आत काय बघायचं ते मला कुणी शिकवल्यालं न्हाय. ऑइल तेवढं बघतो.” जे आपणास येत नाही ते येत नाही असे म्हणणारा कारागीर भेटणे हे मालकाचे भाग्य असते, आणि या बाबतीत आम्ही भाग्यवान ठरलो. त्या गाडीस ऑइलाची पातळी पाहण्याची काठी नव्हती. गाडी सपाट जागी चारी बाजूंनी सारखी उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानास आल्यावर बाजूचा बोल्ट सोडून पातळी पाहावयाची होती. बोल्ट सोडला; थेंबही आला नाही. मग त्याने टॉर्च लावून पेटीभोवती बोट फिरवले, आणि डाव्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या मुळाशी, ऑइल सीलपाशी, धुळीने माखलेला ओला डाग दाखवला. “गळतंय. थेंब थेंब. खाली पडत न्हाय, दांड्याबरूबर फिरून उडतंय, म्हणून अंगणात डाग न्हाय.”

त्याने खालचे चेंबर उतरवले. आत दोन चुंबके असतात, ऑइलातला लोखंडाचा चुरा धरून ठेवण्यासाठी. त्यांच्यावर राखेसारखा मऊ, करडा लेप होता. चमकणारे तुकडे नव्हते. उरलेले ऑइल तांबूस-तपकिरी झाले होते, पण काळे नव्हते, आणि त्याला जळका वास थोडाच होता. या तीन निरीक्षणांचा अर्थ मोठा आहे. करडा लेप ही स्वाभाविक झीज. चमकते कण म्हणजे बेअरिंग किंवा चक्रांचे दात खचत असल्याची वर्दी. आणि काळे, जळक्या वासाचे, काजळीसारख्या कणांनी भरलेले ऑइल म्हणजे क्लच प्लेटांवरचे घर्षणद्रव्य जळून गेल्याचा पंचनामा. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी पेटीत शिरले असे समजावे, आणि मग गाडी एक फर्लांगही चालवू नये. हे सर्व पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही, पेटी उतरवावी लागत नाही, आणि तरीही लाखाचा निर्णय घेणाऱ्या बहुसंख्य मालकांनी ते पाहिलेले नसते.

संगणकाच्या तपासणीत दोन नोंदी निघाल्या: पी ०७३३, म्हणजे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर चुकले, आणि पी ०७७६, म्हणजे दाब नियंत्रित करणाऱ्या ‘बी’ सोलेनॉइडच्या कामात दोष. पहिली नोंद केवळ घटना सांगते, कारण सांगत नाही. तिच्यावरून प्लेटा गेल्या असा निष्कर्ष काढणे म्हणजे पोलीस पाटलाने मयताची खबर आणली म्हणून लगेच खुनाचा गुन्हा दाखल करण्यासारखे आहे. दुसरी नोंद बोट दाखवते, पण तिचीही शहानिशा करावी लागते, कारण ऑइल कमी असले की पंप हवा ओढतो, हवेने दाब डळमळतो, आणि निर्दोष सोलेनॉइडवरही ठपका येतो. म्हणून क्रम असा ठरला: आधी सील, ऑइल आणि फिल्टर, मग गाडी चालवून पाहायची, मग पुन्हा नोंदी वाचायच्या, आणि त्यानंतरच पुढचा पैसा काढायचा.

ऑइल बदलताना एक शंका आमच्यापुढे आली, आणि ती प्रत्येक मालकापुढे येते. ‘जुन्या गाडीत नवं ऑइल टाकलं की गिअरबॉक्स बसतो’ अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुस्थिती अशी दिसते की ज्यांची पेटी आधीच घसरू लागलेली असते तेच बहुधा घाईने ऑइल बदलतात, प्लेटा तर केव्हाच झिजलेल्या असतात, आणि पुढे पेटी गेली म्हणजे दोष नव्या ऑइलावर जातो. तथापि यंत्राने दाब देऊन सारे ऑइल एकदम बाहेर ढकलण्याऐवजी, खालचा बोल्ट काढून जेवढे पडेल तेवढे पाडावे, तेवढेच नवे भरावे, आणि काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा तसेच करावे, हा मार्ग जुन्या पेटीला मानवतो. कारण एका वेळी जवळपास निम्मे जुने ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहते. ऑइल मात्र त्या पेटीसाठी नेमून दिलेल्या जातीचेच हवे. ‘सगळ्यांना चालतं’ असे सांगून दिलेल्या डब्याला हात लावू नये.

पहिल्या टप्प्यावर १४,६०० रुपये खर्च झाले. सकाळचा विलंब नाहीसा झाला, घसरणे थांबले. परंतु दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बसणारा धक्का राहिला, आणि पी ०७७६ ही नोंद पुसल्यानंतर चार दिवसांनी परतली. मग गाडी पुण्यास, अदमासे दीडशे किलोमीटर, एका खाजगी कारागिराकडे नेली, जो केवळ ऑटोमॅटिक पेट्यांचेच काम करतो. त्याने मापक लावून दाब पाहिला, पेटी न उतरवता खालून वॉल्व्ह बॉडी काढली, धुतली, एक सोलेनॉइड बदलला, आणि संगणकाला गिअर बदलण्याचा अंदाज नव्याने शिकवला. त्याचे बिल २२,३०० रुपये झाले. एकूण ३६,९००. त्याने आम्हांस स्पष्ट सांगितले की घाटात घसरलेल्या त्या चळतीच्या प्लेटांचे थोडे आयुष्य गेलेच आहे, ते कोणत्याही ऑइलाने परत येणार नाही. पेटी दोन वर्षे चालेल की सहा, याची हमी तो देत नाही. ही स्पष्टोक्ती मला बिलापेक्षा मोलाची वाटली.

आता विरुद्ध बाजूचे उदाहरण सांगतो, कारण आमच्या गाडीचा शेवट गोड झाला म्हणून दुरुस्ती हाच सर्वांचा तरणोपाय, असे कोणी समजू नये. अकलूजकडच्या आमच्या एका सोयऱ्यांच्या गाडीत ऑइल काळे झाले होते, चेंबरमध्ये चमकते कण होते. म्हणजे निदान निर्विवाद होते. त्यांनी दलालाकडून जुना गिअरबॉक्स घेतला. तो दिसायला हुबेहूब होता, बसलाही बिनचूक. परंतु त्याचे अंतिम गुणोत्तर निराळ्या इंजिनासाठीचे होते, संगणकाला ते पटेना, आणि त्याहून वाईट म्हणजे जुन्या पेटीतला चुरा कूलरच्या नळ्यांत तसाच राहिला होता, तो पहिल्याच आठवड्यात नव्याने बसवलेल्या पेटीत शिरला. साठ हजार गेले, मग पुन्हा काढ-घाल झाली, आणि शेवटी ती गाडी भंगाराच्या भावाने गेली. म्हणून माझे सांगणे आहे की अर्धी दुरुस्ती ही सर्वांत महाग दुरुस्ती असते. पेटी उघडायचीच ठरली, तर कूलर धुतलेला किंवा बदललेला हवा; कन्व्हर्टर, जो आतून धुता येत नाही, कापून नवा भरलेला किंवा नवाच हवा; सर्व सील आणि रिंगा एकदम हव्यात. कारागीर यांपैकी एखादी गोष्ट ‘चालतंय की’ म्हणून वगळत असेल, तर काम त्याच्याकडे देऊ नये.

जुना गिअरबॉक्स घेण्यात मूलतः काही गैर नाही. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट हे बाजार अशा मालावरच उभे आहेत, आणि गरिबाची गाडी चालू ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांमुळे डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला, हेही विसरता येत नाही. पेटीवरचा सांकेतिक क्रमांक आपल्या पेटीशी जुळतो का, ती ज्या गाडीतून काढली तिचे कागद दाखवता येतात का, पक्के बिल मिळते का, बसवल्यानंतर निदान तीन महिन्यांची लेखी मुदत देतात का, एवढ्या गोष्टींची खातरजमा झाल्यावाचून पैसे देणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे आहे.

शिवाय ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आज आमच्यासारख्या कन्व्हर्टरच्या पेटीसह चार निरनिराळ्या जाती विकल्या जातात, आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ बाजारात आणली तेव्हापासून स्वस्त गाड्यांत जी एएमटी आली, ती वस्तुतः आपलीच जुनी, दांड्याची पेटी आहे. फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. तिच्यात बिघाड बहुधा क्लच प्लेटचा, त्या यंत्राच्या ऑइलाचा, किंवा साध्या दुबळ्या बॅटरीचा असतो. एएमटीची सबंध पेटी बदलायला कोणी सांगितले, तर दुसऱ्या कारागिराचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये. सीव्हीटीत चक्रांऐवजी दोन पुल्या आणि त्यांमध्ये पोलादी पट्टा असतो. १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने हाच विचार रबरी पट्ट्यावर मोटारीत आणला होता. हा पट्टा एकदा घसरून पुल्यांना चरे पडले, की तेथे लहानसहान दुरुस्तीला फारसा वाव राहत नाही. आणि दोन क्लचांची डीसीटी ही वेगात उत्तम, पण मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या रहदारीत तिचे कोरडे क्लच तापतात. पालखीच्या दिवसांत नातेपुते ते माळशिरस हे अंतर अशा गाडीने कापणाऱ्याने जागोजाग इंच-इंच सरकण्याऐवजी थांबून, पुढे मोकळी जागा झाल्यावर निघावे.

या डीसीटीच्या संदर्भात ऑस्ट्रेलियातील एक प्रकरण येथे नमूद करण्याजोगे आहे. तेथे फोर्ड कंपनीच्या पॉवरशिफ्ट पेट्यांविषयी ग्राहकांनी थरथरण्याच्या आणि धक्क्यांच्या तक्रारी केल्या असता, ‘तुमची चालवण्याची पद्धत चुकते’ असे अनेकांना सांगण्यात आले. ग्राहक आयोगाने फिर्याद नेली आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने तक्रारी हाताळण्याच्या त्या वर्तनाबद्दल कंपनीस एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. गाडी नीट चालत नाही म्हणजे चालकच अडाणी, हे उत्तर ऐकून मान खाली घालणारे मालक आपल्याकडेही आहेत, आणि त्यांत निवृत्त शिक्षक, शेतकरी, नव्याने गाडी शिकलेल्या भगिनी यांची संख्या अधिक असते. त्यांनी मान खाली घालू नये.

आमच्या मिस्त्रीने जे सहज सांगितले, की आत काय पाहायचे ते कोणी शिकवले नाही, त्या वाक्याने मला फार काळ अस्वस्थ ठेवले. त्याच्या हातात कसब नाही असे नव्हे. त्याच्यापर्यंत पुस्तिका, हत्यारे आणि सुटे भाग पोचूच दिले गेले नाहीत. ही माझी कल्पना नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात, सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना न देता बाजार आपल्या मुठीत ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि ही सामग्री खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी अपिले केली, वाद वर्षानुवर्षे चालला. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल उघडले आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारींचाही समावेश केला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु नातेपुत्यातील ट्रॅक्टरचा मिस्त्री सहा गिअरांच्या पेटीचा तक्ता मराठीत समोर ठेवून काम करू शकेल, तो दिवस अजून उगवायचा आहे. तो उगवला तर दुरुस्ती की बदल, या प्रश्नाचे उत्तर कितीतरी मालकांच्या बाबतीत बदलेल, कारण आज पुष्कळशा पेट्या बिघाडामुळे नव्हे तर निदानाच्या अभावी बदलल्या जातात.

तोवर मालकाने स्वतःचे हित स्वतः पाहावे. काम देण्यापूर्वी लेखी अंदाज मागावा. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत, ते आपल्या मालकीचे असतात. बिलावर करासह प्रत्येक भागाची नोंद असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर वस्तू व सेवा कराचा दर सरसकट १८ टक्के झाला आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराने केलेले अंदाजपत्रक कोणी पुढे केले, तर ते सुधारून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि २०१९ च्या कायद्यान्वये ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत सोलापुरास, दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही लागत नाही.

आणि गाडी टाकून द्यावी केव्हा, असे कोणी विचारील तर माझे उत्तर असे: निदान निश्चित झाल्यावर, पूर्ण दुरुस्तीचा खर्च जर गाडीच्या चालू किमतीच्या निम्म्याहून वर जात असेल, आणि इंजिन, पत्रा, टायर यांचीही कामे समोर दिसत असतील, तर मोह आवरून ती विकावी, पण दोष सांगून विकावी. पंधरा वर्षे भरत आलेल्या गाडीच्या बाबतीत नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हेही याच हिशेबात धरावे. जिचे बाकी अंग धडधाकट आहे, जिची देखभाल आपण स्वतः केली आहे, आणि जिच्या ऑइलात काजळी नाही, अशा गाडीचा गिअरबॉक्स केवळ झटका बसतो म्हणून बदलणे हा मात्र अपव्यय आहे.

दादांच्या गाडीने त्या घाटानंतर नऊ हजार किलोमीटर पार केले आहेत. शिंगणापुरास ते आता पहाटेच्या गारव्यात निघतात, आणि चढावर दांडा खालच्या गिअरवर ठेवून सावकाश जातात. सीलपाशी मिस्त्री दर महिन्याला बोट फिरवून पाहतो. अजून ते कोरडे आहे.